पट्टी दाबली, तरी ऑर्गन गप्प?

दर जानेवारीत जळगावात चांदोरकर प्रतिष्ठानचा बालगंधर्व संगीत महोत्सव होतो आणि त्यानंतर महिनाभर माझा फोन थंड बसत नाही. "नाट्यपदांना ऑर्गनचीच साथ हवी हो, पण पायपेटी आता आणायची कुठून? पोरानं लॅपटॉपवर ऑर्गन टाकून दिलाय, कीबोर्डही जोडलाय, आवाजच येत नाही." फोन पिंप्राळ्यातून असो, धुळ्याच्या देवपुरातून असो की चाळीसगावहून, गाऱ्हाणी सात-आठच आणि तीच ती. ती एकदाची लिहूनच काढावीत म्हणून हा लेख.

सुरुवातीलाच एक सांगतो. ठिबकची शेवटची नळी कोरडी पडली तर आपण बांधावर उभे राहून ड्रिपरला शिव्या घालत नाही. फिल्टरपासून निघतो आणि पाणी कुठवर पोहोचलंय ते बघत जातो. इथेही तेच करायचं आहे. बोटापासून स्पीकरपर्यंत सुराची एक वाट असते: पट्टी, केबल, संगणक, सॉफ्टवेअर, साउंड कार्ड, स्पीकर. ती मध्येच कुठेतरी तुटलेली असते. ती जागा न शोधता दहा सेटिंग्ज एकदम बदलल्या, तर मूळ बिघाड राहतो बाजूला आणि नवे तीन तयार होतात.

आपला ऑर्गन कोणता, ते आधी ठरवा

इंटरनेटवर 'व्हर्च्युअल ऑर्गन' शोधलं की समोर येतो तो युरोपातल्या चर्चमधला पाइप ऑर्गन. नळ्यांमधून हवा जाणारा, घुमटात घुमणारा. गोविंदराव टेंब्यांपासून गोविंदराव पटवर्धनांपर्यंतच्या वादकांमुळे आपल्या कानात बसलेला सूर पेटीच्या घराण्यातला, म्हणजे पितळी रीडचा आहे. पायाने भाता मारायची ती पायपेटी हा रीड ऑर्गन. म्हणून आवाजाचा संच निवडताना 'रीड ऑर्गन', 'पंप ऑर्गन' किंवा 'हार्मोनियम' हे शब्द शोधा. चर्चचा संच लावून त्यावर नाट्यपद धरलं, तर प्रत्येक सुरामागे लांबलचक घुमारा राहतो आणि गायकाची तान त्यात बुडते.

वाटा साधारण दोन:

- ग्रँडऑर्ग हे मोफत सॉफ्टवेअर. विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालतं. आवाजाचे संच वेगळे उतरवून घ्यावे लागतात. मोठे संच भरपूर रॅम खातात. मशीन साधं असेल तर संच लोड करताना '१६ बिट' आणि 'मोनो' निवडा.
- साउंडफाँट, म्हणजे आवाजांची तयार फाइल, वाजवणारं एखादं हलकं सॉफ्टवेअर. जुन्या लॅपटॉपलाही झेपतं. मिडी म्हणजे कीबोर्ड आणि संगणक ज्या भाषेत बोलतात ती; तिच्यातल्या वाद्यांच्या 'जनरल मिडी' यादीत रीड ऑर्गन २१ व्या क्रमांकावर असतो, २० वर चर्च ऑर्गन आणि २२ वर अ‍ॅकॉर्डियन.

यातल्या २१ मध्ये एक गंमत आहे. काही सॉफ्टवेअर मोजणी एकपासून करतात, काही शून्यापासून. शून्यवाल्यात २१ दाबलं की अ‍ॅकॉर्डियन वाजतो आणि माणूस म्हणतो, "संचच खराब आहे." एक आकडा मागे या.

हॉप्टवर्क नावाचं विकतचं सॉफ्टवेअरही आहे, दर्जेदार आहे. पण त्याची खरी ताकद पाइप ऑर्गनमध्ये. घरच्या नाट्यसंगीतासाठी त्यावर पैसे घालावेत असं मला वाटत नाही.

पहिली चाचणी: कीबोर्डला हात लावू नका

पडद्यावर ऑर्गनच्या पट्ट्या दिसतात. त्यातल्या एकीवर माउसने टिचकी मारा.

- आवाज आला, तर सॉफ्टवेअरपासून स्पीकरपर्यंतची वाट मोकळी आहे. दोष कीबोर्ड, केबल किंवा जोडणीत.
- आवाज आला नाही, तर कीबोर्ड निर्दोष असू शकतो. तो उलटासुलटा करून बघण्यात वेळ घालवू नका.

या एका टिचकीने अर्धं शेत तपासून होतं. दुसऱ्या प्रकारात मला सर्वांत जास्त वेळा सापडलेलं कारण सांगू? स्टॉपच ओढलेला नसतो. पेटीतही खर्ज-नर-मादीचे खुंटे ओढल्याशिवाय सूर लागत नाही, हे ठाऊक असलेला माणूसही पडद्यावरचे स्टॉप बघायला विसरतो. किमान एक स्टॉप उघडा. मग आवाजाचा रस्ता बघा: लॅपटॉपला टीव्ही जोडलेला असेल तर आवाज तिकडे गेलेला असतो. हेडफोनची पिन अर्धवट खोचलेली असली तरी स्पीकर गप्प बसतो.

केबलचे तीन सापळे

बहुतेक कीबोर्डांच्या मागे चौकोनी यूएसबी खाच असते. प्रिंटरला लागते तीच वायर इथे चालते. जळगावात गोलाणी मार्केटमध्ये, धुळ्यात आग्रा रोडवर 'प्रिंटर केबल' म्हणून मागा, म्हणजे दुकानदाराला लगेच समजेल. नव्या मॉडेलांना टाइप-सी असते आणि पहिला सापळा तिथेच आहे. मोबाइलसोबत आलेल्या काही वायरी फक्त चार्जिंगच्या असतात. कीबोर्डचा दिवा लागतो, म्हणून आपल्याला वाटतं जोडणी झाली. माहिती मात्र जात नाही. त्याच वायरीने मोबाइलमधले फोटो लॅपटॉपवर उतरतात का ते पाहा. उतरत नसतील तर ती वायर चार्जरलाच लावून टाका.

दुसरा सापळा जुन्या कीबोर्डांचा. त्यांना पाच पिनांच्या गोल खाचा असतात, 'इन' आणि 'आउट'. ही जोडणी १९८३ पासूनची आहे आणि आजही तशीच चालते. कीबोर्डच्या आउटमधून निघालेलं संगणकाच्या इनमध्ये जायला हवं. पण स्वस्त यूएसबी-मिडी वायरींवर 'इन' लिहिलेल्या पिनेचा अर्थ कधी 'ही इनमध्ये खोचा' असा असतो, तर कधी 'ही संगणकाची इन आहे' असा. डोकं लढवत बसू नका, अदलाबदल करून बघा, काही जळत नाही. या स्वस्त वायरी जलद तानेत सूर गाळतात, हा माझा अनुभव. आलापाला ठीक, द्रुतला भरवसा नाही.

तिसरा सापळा यूएसबीचा हब. आधी थेट लॅपटॉपला लावून पाहा.

संगणकाला दिसतो, सॉफ्टवेअरला नाही

विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कीबोर्डचं नाव येतं, पण ऑर्गन ओळख देत नाही. असं झालं तर या क्रमाने जा:

१. आधी कीबोर्ड चालू, मग सॉफ्टवेअर. उलट केलंत तर काही सॉफ्टवेअरना नंतर आलेला पाहुणा दिसतच नाही.
२. दुसरं संगीताचं सॉफ्टवेअर उघडं आहे का? विंडोजवर बरेचदा एका मिडी जोडणीला एकच सॉफ्टवेअर धरून बसतं. ब्राउझरमधली पियानो शिकवणारी टॅबसुद्धा बंद करा.
३. सेटिंगमध्ये त्या कीबोर्डच्या नावापुढे खूण आहे का बघा. वायर काल एका खाचेत आणि आज दुसऱ्या खाचेत लावली तर विंडोज कधीकधी त्याला नवंच उपकरण समजतं. खाच ठरवून घ्या, हवं तर तिच्यावर टिकली चिकटवा.
४. ग्रँडऑर्गमध्ये पडद्यावरच्या पट्ट्यांवर उजवी टिचकी मारून 'लिसन फॉर इव्हेंट' निवडा आणि खऱ्या कीबोर्डची एक पट्टी दाबा. ही ओळखपरेड केल्याशिवाय ते दोघे बोलत नाहीत.
५. तरीही शंका असेल तर विंडोजवर मिडी-ऑक्स हे छोटं मोफत सॉफ्टवेअर उघडा. पट्टी दाबली की आकड्यांची ओळ आली पाहिजे. ओळ आली की कीबोर्ड आणि केबल निर्दोष सुटले.

मिडीला १६ वाहिन्या असतात. कीबोर्ड पहिल्या वाहिनीवर बोलतोय आणि ऑर्गन दुसरीवर कान देतोय, असं झालं तर सगळं बरोबर दिसूनही शांतता राहते. दोन कीबोर्ड एकावर एक ठेवून दोन मजली ऑर्गन करायचा असेल, तर वरच्याला १ आणि खालच्याला २ द्या.

सूर उशिरा लागतो

पट्टी दाबल्यावर किंचित मागून आवाज आला की ठेका धरणाराच आधी वैतागतो. हा उशीर बफरमुळे होतो. संगणक आवाजाचे तुकडे साठवून मग सोडतो. सेकंदाला ४४,१०० तुकडे या हिशेबाने २५६ चा बफर म्हणजे जवळपास ६ मिलिसेकंद, ५१२ चा साडेअकरा आणि १,०२४ चा तेवीस. यात यंत्राचा स्वतःचा थोडा उशीर मिळवा. २५६ वर सुरू करा. कडकड ऐकू आली तर ५१२ वर जा. पेटीवाल्याच्या बोटांना त्यापुढचं जाणवतं.

विंडोजच्या नेहमीच्या आवाजमार्गाने गेलात तर बफर कितीही कमी करा, उशीर राहतोच. आसिओ ड्रायव्हर निवडा. कीबोर्ड किंवा साउंड कार्डच्या कंपनीचा असला तर उत्तम, नसला तर आसिओ-फॉर-ऑल हा मोफत पर्याय आहे.

आणि कृपा करून ब्लूटूथ स्पीकर लावू नका. एकट्या ब्लूटूथचा उशीर शंभर-दोनशे मिलिसेकंदांच्या घरात जातो. सिनेमा बघताना तो भरून काढता येतो, वाजवताना नाही. वायरीचा हेडफोन घ्या. रात्री रियाझ करणाऱ्यांना तो तसाही लागतोच.

पट्टीचा घोळ

देवपुरातल्या एका निवृत्त शिक्षकांचा किस्सा सांगतो. त्यांची पट्टी काळी चार. बोटं मात्र पांढरी एकवर बसलेली. म्हणून त्यांनी कीबोर्डवर ट्रान्सपोज उणे चार केला. बरोबरच केलं. पुढे मुलगा सुट्टीत आला, त्याने सॉफ्टवेअरमध्येही उणे चार करून ठेवला. झाले उणे आठ. पांढरी एकपासून आठ पट्ट्या खाली म्हणजे पांढरी तीन. सरांना आठवडाभर वाटत होतं की आपला आवाज उतरला. गवती चहा, ज्येष्ठमध, सगळं झालं. मी फोनवर फक्त विचारलं, "कीबोर्डवरचा आकडा शून्य करून बघता का?" पलीकडून आधी सा आला, मग हसू.

तेव्हा:

- ट्रान्सपोज एकाच जागी करा. मी कीबोर्डवर करतो, तिथे आकडा डोळ्यासमोर राहतो.
- सप्तक चुकलं असेल तर 'ऑक्टेव्ह' बटण बघा. मधल्या सीचा मिडी क्रमांक ६० असतो. त्याच सीला यामाहाच्या पुस्तिकेत सी३ म्हणतात, तर दुसरीकडे अनेक ठिकाणी सी४. नावावर जाऊ नका, क्रमांकावर जा.
- सगळंच थोडं बेसूर वाटत असेल तर पिच व्हील बघा. स्वस्त कीबोर्डचं चाक सोडल्यावर नेमकं मध्यावर येत नाही. सॉफ्टवेअरमध्ये त्याचा परिणाम बंदच करून टाका, ऑर्गनला त्याचं काम नाही.
- घरातल्या जुन्या पेटीबरोबर वाजवायचं असेल तर संगणकाला पेटीशी जुळवा, पेटीला संगणकाशी नव्हे. सॉफ्टवेअर ४४० हर्ट्झवर बसलेलं असतं, जुनी पेटी कुठेही असू शकते. सेंटच्या आकड्याने सूर हलवत कान लावा. दोन सुरांमधली लाट थांबली की जुळलं.

ज्यांनी उमेदीत खरी पायपेटी वाजवली आहे, त्यांच्यासाठी एक खूण. अमेरिकी धाटणीच्या अनेक रीड ऑर्गनच्या ६१ पट्ट्या पांढरी चारपासून सुरू होतात. आजचा ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड पांढरी एकपासून सुरू होतो. जुन्या बोटांना पहिल्या दिवशी घर बदलल्यासारखं वाटेल. दोष कशातच नाही.

सूर लटकतो, किंवा दोन-दोन आवाज येतात

हात उचलला तरी सूर चालूच राहिला तर सॉफ्टवेअरमधलं 'पॅनिक' बटण दाबा. नाव घाबरवणारं असलं तरी काम एवढंच, सगळे सूर सोडून देणं. वारंवार होत असेल तर केबल किंवा सस्टेन पेडल तपासा. पेडलवर पाय ठेवून कीबोर्ड सुरू केला की अनेक कीबोर्ड त्याची दिशा उलटी समजतात: पाय काढला की सूर लांबतो, दाबला की तुटतो. बंद करा, पाय काढा, पुन्हा सुरू करा. खरं तर ऑर्गनला सस्टेन पेडल लागतच नाही. काढून ठेवा.

घरातला कॅसिओ किंवा यामाहाचा तालवाला कीबोर्ड वापरत असाल, तर त्याचा स्वतःचा पियानो आणि संगणकाचा ऑर्गन एकदम वाजतील. मेनूमध्ये 'लोकल कंट्रोल' बंद करा. तो पर्याय नसेल तर कीबोर्डचा आवाज शून्यावर आणा. ताल चालू ठेवू नका, त्याचे ठोकेही मिडीतून ऑर्गनला जाऊ शकतात.

भाता कुठून आणायचा?

पट्टी जोरात दाबली म्हणून पायपेटी मोठ्याने वाजत नाही. तिचा लहानमोठा सूर भात्यावर आणि गुडघ्याने ढकलायच्या दांडीवर अवलंबून. मिडी कीबोर्ड मात्र बोटाचा जोर ० ते १२७ मध्ये मोजून पाठवतो. साउंडफाँट वापरत असाल तर तो जोर आवाजात उतरतो आणि ऑर्गन पियानोसारखा ठोके देऊ लागतो. कीबोर्डवरचा 'टच' बंद करा, म्हणजे सगळे सूर एकसारखे येतील.

चढउतारासाठी एक्स्प्रेशन पेडल जोडा, त्याला मिडीतला ११ वा कंट्रोल द्या. लक्षात घ्या, सस्टेन पेडलच्या खाचेत एक्स्प्रेशन पेडल चालेलच असं नाही. सस्टेन म्हणजे दिव्याचं बटण, एक्स्प्रेशन म्हणजे पंख्याचा रेग्युलेटर. कीबोर्डला वेगळी खाच नसेल तर मॉड्युलेशनचं चाक ११ वर लावा आणि डाव्या हाताने फिरवा. पेटीवाल्यांचा डावा हात भात्याला सरावलेला असतोच, चार दिवसांत जमतं. सूर धरून ठेवताना तो एका पातळीवर सोडू नका. गायक श्वास घेतो तिथे थोडा खाली आणा. सूर सपाट राहिला की ऐकणाऱ्याला प्लॅस्टिकचा वास येतो.

आपल्याकडची वीज, आपल्याकडचं ऊन

स्पीकरमधून घूं असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढा. घरघर थांबली तर दोष अर्थिंगचा. तीन पिनांचा प्लग खऱ्या अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्ये लावा, लॅपटॉप आणि स्पीकर एकाच बोर्डावर घ्या. अर्थिंगची पिन तोडायचा सल्ला देणारे इलेक्ट्रिशियन भेटतात, पण ती तोडू नका. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर वाजवाल तर स्क्वेअर वेव्हवाला इन्व्हर्टर घरघर वाढवतो. तेवढा वेळ लॅपटॉप बॅटरीवर ठेवा.

एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीकडे सरकला की संध्याकाळी नीट चालणारा ऑर्गन दुपारी कडकडतो. लॅपटॉप तापला की स्वतःचा वेग कमी करतो आणि सूर तुटू लागतात. गादीवर ठेवू नका. पॉवर सेटिंग 'हाय परफॉर्मन्स' करा, यूएसबीची वीज वाचवणारी सेटिंग बंद करा, वाजवताना वाय-फाय बंद ठेवा. कूलरची थेट हवा कीबोर्डवर घेऊ नका. ओलावा आणि आपली काळी धूळ मिळून पट्ट्यांखालच्या रबरावर चिखल होतो. मग एखादी पट्टी मुकी पडते.

खरेदी आणि तुमचे हक्क

नाट्यसंगीताला ४९ पट्ट्या पुरतात, ६१ ऐसपैस. २५ छोट्या पट्ट्यांचं खेळणं घेऊ नका, पेटीचा साडेतीन सप्तकांचा पसाराही त्यात मावत नाही. खोक्यावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि कमाल किंमत छापलेली आहे का बघा. नसेल तर वॉरंटी कोणाच्या दारात मागणार?

मला एकदा ऑनलाइन मागवलेल्या कीबोर्डची एक काळी पट्टी मुकी मिळाली. खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढलेला होता म्हणून वाद झाला नाही. तेव्हापासून मी व्हिडिओशिवाय चिकटपट्टी कापत नाही.

- बिल घ्याच. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं छापलेलं असलं तरी सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत नसेल तर ३० दिवस धरले जातात.
- ऑनलाइन खरेदीत कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. फोनवर बोलून सोडू नका, लेखी कळवा.
- राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.
- त्यानेही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे आहे. दुकान मुंबईचं असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल होते.

तक्रार करण्यापूर्वी कीबोर्ड दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या केबलने एकदा लावून बघा आणि मिडी-ऑक्समध्ये मुक्या पट्टीची ओळ येत नाही हे मोबाइलवर टिपून ठेवा. दुकानदार 'तुमच्या लॅपटॉपचा प्रॉब्लेम आहे' असं म्हणेल तेव्हा तेच पुढे करा.